होडीचं दावं

माझं माहेर औंधाच्या पुढं, जिथं ओढ्यालासुद्धा लोक नदी म्हणतात. घरात पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं. वडिलांनी पुढे ती कमी करून जमीन कसायला घेतली, पण पाण्याची रड तीच. लग्न होऊन मी सांगलीच्या वरच्या अंगाला, कृष्णेकाठच्या गावात आले आणि पहिल्याच दिवशी नदी बघून आमच्या ह्यांना विचारलं, "एवढं पाणी कुणाचं?" हे पलटणीत होते. माझा प्रश्न त्यांनी सगळ्या पलटणीत वाटला असणार, कारण त्यांच्या ओळखीचा कोणीही सुट्टीवर घरी आला की चहा पिता पिता विचारायचा, "वहिनी, पाण्याचा मालक सापडला का?"

घरात सासूबाई, मामंजी, मी आणि होडी. हे वर्षातून एकदा सुट्टीवर यायचे, म्हणून त्यांना मोजत नाही. होडीला मात्र मोजावंच लागायचं.

ती शर्यतीची होडी होती. श्रावणात सांगलीला नदी भरून वाहते तेव्हा काठच्या गावांच्या होड्यांच्या शर्यती लागतात. आमच्या गावाची होडी आमच्या घरची. मामंजींच्या वडिलांनी सागवानाची करून घेतलेली, लांब, अरुंद, पोटात उथळ. माणसं पलीकडं नेणारी नाव वेगळी. ती म्हणजे बैलगाडी, आणि ही म्हणजे शर्यतीचं खोंड. मामंजी तिचे सुकाणूवाले. तरुणपणापासून मागच्या टोकाला तेच बसत आलेले, आणि गावात त्यांना शेतापेक्षा होडीवरून जास्त ओळखायचे.

वर्षातले दहा महिने ही बाई छपरात झोपून असायची. नदीच्या वर, उंचवट्यावर, आमचं कौलारू छप्पर होतं. त्यात लाकडी ओंडक्यांवर तिला पालथी ठेवलेली. चैत्र लागला की मामंजी तिचं अंग काचकागदानं घासायचे, फळ्यांच्या सांध्यांतला जुना कापूस काढून नवा ठासायचे, वर राळ भरायचे आणि मग जवसाचं तेल. डांबर नाही. डांबरानं होडी जड होते, असं त्यांचं म्हणणं. तेल फडक्यानं चोळायचं काम माझ्याकडं आलं. पहिल्या वर्षी मी तोंडातल्या तोंडात पुटपुटत केलं. "घरातल्या माणसांच्या डोक्याला थेंब मिळंना आणि लाकडाला मालिश." मामंजींनी ऐकलं. म्हणाले, "पोरी, मानसाचं डोकं गळत न्हाई."

माझा खरा राग वेगळाच होता. वडिलांनी मला माहेरची म्हैस दिली होती. काळीभोर, वळलेल्या शिंगांची, दुधाला बरकत असलेली. पण गोठ्यात बैलांची जोडी आणि गाय, चौथ्याला जागा नाही. माझी म्हैस लिंबाखाली. उन्हाळ्यात ठीक होतं. पावसाळ्यात ती रात्रभर भिजायची, सकाळी थरथरायची आणि पान्हा चोरायची. आणि समोर छपरात होडी कोरडी ठणठणीत. म्हैस पावसात आणि लाकूड छपरात, असला न्याय मी आमच्या दुष्काळी गावातही बघितला नव्हता. मी सासूबाईंना म्हणायची, "आत्याबाई, छप्पर म्हशीला द्या की." त्या म्हणायच्या, "मला इतक्या वर्सांत त्या छपरात चुलीच्या शेणी रचाय मिळाल्या न्हाईत. तुझ्या म्हशीचं काय घेऊन बसलीस."

पण दिवस कुणासाठी थांबत नाहीत. वल्ही मारणारी पोरं एकेक करून पलटणीत गेली, काही साखर कारखान्यावर लागली, पाळीच्या कामावर. श्रावणात शर्यतीच्या वेळी कोण सुट्टीवर आणि कोण पाळीवर, याची बेरीज कधी जुळायची नाही. एका वर्षी होडी शर्यतीला गेलीच नाही. दुसऱ्या वर्षी मामंजींनी कशीबशी माणसं गोळा केली, त्यात एक शिंपी आणि एक देवळाचा गुरव. होडी शेवटून पहिली आली. त्या दिवशी मामंजी जेवले नाहीत.

पुढच्या उन्हाळ्यात हे सुट्टीवर आले तेव्हा मामंजीच म्हणाले, "होडी इकून टाकावी म्हंतो." मग ते म्हणाले, "पन शर्यतीत पळवनाऱ्यालाच द्यायची. दुसऱ्या कुनाला न्हाई." मी मनात म्हशीला छपरात नेऊन बांधलीसुद्धा. खोटं कशाला सांगू, मला त्या रात्री छान झोप लागली.

गिऱ्हाईक यायला लागलं. पहिला आला तो वाळूवाला. होडी बघून त्याचे डोळे चमकले आणि बोली अशी चढी लावली की आमचे हे माझ्याकडं बघायला लागले. मामंजींनी त्याला ताक पाजलं आणि वाटेला लावलं. "हिच्या पोटात वाळू भरायची? आन् मी जित्ता ऱ्हायचं?" दुसरा रहिमतपूरकडचा बागायतदार. त्यानं होडी या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत जाऊन बघितली आणि म्हणाला, "गव्हानीला लय बेस हाय. धा जनावरं एका रांगंत खातील." मला हसू आवरेना म्हणून मी चुलीकडं पळाले. ताकसुद्धा मिळालं नाही त्याला.

तिसरं गिऱ्हाईक होतं नदीकाठचंच, शर्यतीची हौस असलेलं. पण ते आलं ऐन वैशाखात आणि म्हणालं, आत्ताच पाण्यात टाकून दाखवा. मामंजी सांगत होते की वाळलेली होडी आधी पाणी पिते, फळ्या फुगल्या की मग सांधे मिटतात. ऐकतो कोण. पाण्यात टाकली तर चाळणीसारखी गळली. माणसं तोंडावर हसली नाहीत एवढंच. "बघतो, सांगतो" म्हणून गेली ती गेलीच.

त्या दिवसापासून मामंजींनी होडी उताणी ठेवली, तिच्या पोटात ओली पोती अंथरली आणि मला म्हणाले, "रोज पानी घालत जा." माझ्या माहेरी बायका डोक्यावर हंडा घेऊन मैल मैल चालतात तो माणसांना प्यायला. आणि मी, त्या गावची लेक, भरल्या नदीच्या काठावर लाकडाला पाणी पाजत होते. माझ्या आईनं बघितलं असतं तर तिनं कपाळाला हात लावला असता. पण एक सांगते. रोज घागर ओतताना मी सांध्यावरून बोट फिरवायची, आणि एक दिवस बोटाला फट लागेना. मामंजींना ओरडून सांगितलं, "मिटली." तेव्हा मला झालेला आनंद म्हशीसाठी नव्हता, एवढं आता कबूल करायला हरकत नाही.

मग आषाढात आष्ट्याकडच्या बाजूची, नदीकाठच्या एका गावातली तालमीची पोरं आली. बरोबर त्यांचा वस्ताद, पन्नाशीचा, कान मोडलेला, आवाज मात्र मऊ. कुस्त्या खेळतोच, आता पाण्यातही जोर बघू, अशी त्यांची टूम. वस्तादानं होडीवर तळहात फिरवला, वाकून वास घेतला आणि म्हणाला, "जवस लावलंय व्हय?" तिथंच अर्धा सौदा झाला. उरलेल्या अर्ध्यासाठी मामंजींनी पोरांची परीक्षा घेतली. खांदे बघितले, हात उलटेपालटे करून बघितले. एकाला विचारलं, "पोहता येतं का रं?" तो म्हणाला, "थोडं थोडं." मामंजी म्हणाले, "थोडं थोडं बुडशील मग." शेवटी वस्तादाला बाजूला घेऊन त्यांनी एकच विचारलं, "पळवनार न्हवं?" वस्तादानं गळ्यातल्या मारुतीच्या ताइताला हात लावला.

न्यायचा दिवस ठरला. गावाकडचा रस्ता चिखलाचा, म्हणून पोरांनी उसाचा ट्रेलर पलीकडच्या काठाला उभा केला होता. होडी पाण्यातून पलीकडं न्यायची आणि तिथं वर चढवायची. अर्धं गाव घाटावर जमलं. होडी पाण्यात, अंगठ्याएवढ्या जाड दाव्यानं काठच्या खुंटाला बांधलेली. ते दावंही मामंजींनी स्वतः घायपाताचं वळलेलं. आत्याबाईंनी होडीच्या नाकाला हळदकुंकू लावलं. नारळ फुटला. पोरं खोबरं खात उभी होती आणि वस्ताद वयस्कर माणसांच्या पाया पडत होता.

आता आमच्याकडची एक रीत सांगितली पाहिजे. जनावर विकलं तरी दावं देत नाहीत. दावं घरात ठेवायचं, म्हणजे त्या खुंट्याला दुसरं जनावर येतं. दावं दिलं की दावणीची लक्ष्मी गेली. घेणाऱ्यानं आपलं दावं आणायचं. हे माहेरीही तसंच, सासरीही तसंच. मामंजींनी आयुष्यात कितीतरी बैल विकले असतील. त्या दिवशीही त्यांनी तेच केलं. होडीच्या नाकावरून एकदा हात फिरवला, खाली वाकून दावं सोडलं, होडीकडचं टोकही सोडलं, वेटोळं करून खांद्याला अडकवलं आणि मागं न बघता काठ चढायला लागले. विकलेल्या जनावराकडं मागं वळून बघू नये, ही आणखी एक रीत.

घाटावर उभी असलेली सगळी माणसं शेतकरी. सगळ्यांनी हे बघितलं आणि सगळ्यांनी मान डोलावली. मीही. धुण्याची बादली घेऊन उभी होते, मनात म्हटलं, बरोबर आहे, दावं ठेवलंच पाहिजे. म्हातारी माणसं तर गहिवरली. कोणाच्याही डोक्यात आलं नाही की बैल जागेवर उभा राहतो आणि होडी राहत नाही.

ती हळूच निघाली. आधी वीतभर, मग हातभर. आषाढातलं तांबडं पाणी, ओढ चांगली. खोबरं खाणाऱ्या पोरांपैकी एक जण म्हणाला, "वस्ताद, होडी चालली की." वस्ताद पाया पडता पडता म्हणाला, "चालनारच. चांगली हाय." मग त्यानं वळून बघितलं.

पुढं जो गोंधळ झाला तो काय सांगावा. पोरं कपड्यांसकट पाण्यात. थोडं थोडं पोहता येणारा गुडघाभर पाण्यात जाऊन परत आला. अर्धं गाव काठानं पळत सुटलं, कुत्री पुढं. मी बादलीसकट पळत होते, बादली ठेवावी एवढंही सुचलं नाही. आणि मामंजी उंचवट्यावर, छपराच्या तोंडाशी, खांद्याला दावं अडकवून उभे. मी ओरडले, "आवं मामंजी, होडी!" ते जागचे हलले नाहीत. त्यांच्याजवळून जाताना मी ऐकलं, ते स्वतःशीच बोलत होते. "बघ की. सुकानू धरनारं कुनी न्हाई, तरी नाक सरळ."

आणि खरंच सरळ होतं. रिकामी होडी भरल्या पाण्यात आडवी होते, गरगरते, म्हणतात. ही मधोमध, कुणाचं काही देणं नसल्यासारखी चालली होती. मी इतकी वर्षं तिला तेल चोळत होते, पण ती पाण्यात चालते कशी हे मी त्या दिवशी पहिल्यांदा धड बघितलं. शर्यतीला बायकांना कोण नेतं.

खालच्या वळणावर पाण्यात बुडालेल्या बाभळीत तिचं नाक अडकलं म्हणून निभावलं. दोन पोहणारी पोरं पोचली, त्यांनी तिला काठाशी ओढली आणि धरून उभी राहिली. आता बांधायची कशानं? तोवर मामंजीही काठानं खाली आले होते. वस्ताद धापा टाकत त्यांच्याकडं आला आणि हात जोडून म्हणाला, "दादा, तेवढं दावं." मामंजींनी दाव्यावर हात ठेवला. "दावं द्यायचं नसतं." जमलेल्या लोकांनी पुन्हा मान डोलावली. वस्तादानंही डोलावली, तोही शेतकरीच. पण पोरांचे हात गळून आले होते.

मी बादलीतलं पिळलेलं लुगडं उचललं आणि पोराच्या अंगावर फेकलं. नऊवार लुगडं, पीळ दिलेलं, ओलं, दाव्याला हरणार नाही असं. त्यानं एक टोक नाकाला बांधलं, दुसरं बाभळीला. सगळे हुश्श झाले. मी पण झाले, ते मागून आत्याबाईंचा आवाज येईपर्यंत. "माझं इरकली ते." त्यांच्या भावानं चिकोडीहून आणलेलं, वर्षातून दोनदा नेसायचं लुगडं त्याच दिवशी धुवायला निघालं होतं. होडी त्या लुगड्यासकट पलीकडं गेली, ट्रेलरवर चढली आणि आष्ट्याच्या रस्त्याला लागली. आत्याबाई पुढे आठवडाभर माझ्याशी आमटीपुरतंच बोलल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी छप्पर झाडलं, म्हैस लिंबाखालून सोडली आणि आत न्यायला लागले. मामंजी दारात उभे राहिले. "थांब," म्हणाले. "अजून न्हाई." मी म्हटलं, "होडी गेली की मामंजी." ते म्हणाले, "गेली खरी. पन पळती का वाळू व्हाती, हे बघितल्याबिगार मी ही जागा कुनाला देनार न्हाई. तालीमवाल्यांची हौस चार दिसांची असली तर? परत आनावी लागंल." आत होडीच्या जागेवर ओंडके तसेच, आणि खुंट्याला ते दावं अडकवलेलं. आता सांगा, रिकामं छप्पर आणि बाहेर आषाढाची झड आणि माझी म्हैस भिजतेय. मी तेव्हा रागानं रडले. मामंजींसमोर नाही, म्हशीसमोर.

श्रावणात मामंजी म्हणाले, "शर्यतीला जायचं. तूबी चल." आत्याबाईंनी भुवया उंचावल्या, पण आडव्या आल्या नाहीत. आम्ही एसटीनं सांगलीला गेलो. मामंजींच्या मांडीवर कापडी पिशवी, चांगली फुगलेली. मला वाटलं भाकरी. हातात घेऊ का म्हटलं तर देईनात.

घाटावर, पुलावर माणूसच माणूस. हलग्या वाजत होत्या. होड्या एकेक करून वरच्या अंगाला जायला लागल्या आणि मामंजी टाचा उंचावून बघायला लागले. आमची होडी दिसेना. एक गेली, दुसरी गेली. मामंजींचा चेहरा उतरत चालला. "न्हाई आनली," म्हणाले. "वाळूला लावली वाटतं." मला तेव्हा म्हैस आठवली नाही. मला त्या वस्तादाचा राग आला, आणि माझ्या घागरींचाही, ज्या मी तिच्यात ओतल्या होत्या.

मग एक शेंदरी होडी आली. नाकापासून शेपटीपर्यंत मारुतीसारखी शेंदरी. मामंजींनी तिच्याकडं नीट बघितलंही नाही. तिला वल्ह्याचा पहिला टोला बसला, ती पुढं सरकली, आणि आम्ही दोघांनी एकदमच एकमेकांकडं बघितलं. ती चाल मी ओळखली. बघितली होती एकदाच, पण ओळखली. मामंजी म्हणाले, "रंगानं जड केली बेन्यांनी." आणि हसले.

शर्यतीत ती दुसरी आली. पोरांच्या खांद्यांत जोर दांडगा, पण वल्ही एका तालात पडत नव्हती, हे मलासुद्धा कळत होतं. शेवटच्या टप्प्यात पहिली होडी थोडक्यात पुढं गेली. मी हळहळले. मामंजी नाही. ते म्हणत होते, "पळाली का न्हाई? पळाली." शेजारच्या अनोळखी माणसालाही त्यांनी तेच सांगितलं.

आम्ही खाली घाटावर गेलो. पोरं ओलीचिंब, आनंदात. वस्तादानं मला बघितलं आणि एका पोराला पिटाळलं. तो घडी घातलेलं इरकली घेऊन आला, वर खण आणि नारळ. "काकूस्नी सांगा, परटाकडनं धुतलंय," वस्ताद म्हणाला. होडी त्यांनी काथ्याच्या कसल्यातरी जुनाट दोरीनं बांधली होती, दोन ठिकाणी गाठी मारलेल्या. मामंजींनी ती दोरी बोटांत धरून बघितली. मग पिशवी उघडली.

आत दावं होतं. घायपाताचं, नुकतंच तेल लावलेलं. खुंट्यावरून त्यांनी कधी काढलं, मला कळलंच नव्हतं.

मी हळूच म्हटलं, "मामंजी, दावं द्यायचं नसतं ना?"

"दुसरं यायचं असंल तर ठेवत्यात," ते म्हणाले. "माझ्या खुट्याला आता दुसरी होडी यायची न्हाई पोरी."

त्यांनी जुनी दोरी सोडली आणि खाली वाकून स्वतः आपल्या हातानं ते दावं होडीच्या नाकाला बांधलं. मला भरून आलं. इतके दिवस मला ती जागा हवी होती, आणि आता ती मिळाली हे कळत असूनही मी पदर डोळ्यांना लावून उभी होते.

परतताना बाजारात मामंजी एका दुकानापाशी थांबले. मी म्हटलं, भडंग घ्यायचं असेल. त्यांनी नवं दावं निवडलं, ओढून बघितलं, खांद्यावर टाकलं. मग भडंगही घेतलं.

घरी पोचलो तेव्हा दिवस कलला होता आणि पाऊस भुरभुरत होता. आत्याबाई लुगड्याची घडी उलगडून उजेडाकडं धरून बघत होत्या. मामंजींनी ओंडके बाजूला केले, लिंबाखालून म्हैस सोडली आणि स्वतः आत नेऊन होडीच्या खुंट्याला बांधली. ती बिचकली, तिनं इकडंतिकडं हुंगलं आणि ती खाली बसली. मग त्यांनी मला जवसाच्या तेलाची उरलेली वाटी आणायला सांगितलं. मला वाटलं, नव्या दाव्याला लावतील. ते म्हशीपाशी उकिडवे बसले, फडकं तेलात बुडवलं आणि तिची शिंगं चोळायला लागले.